माणसाचा वंश सांगावा कधी, टाळावा कधी

खोलीत पंचवीस माणसं आहेत. त्यातला एकच जण कृष्णवर्णीय आहे आणि तुम्हाला एका सहकाऱ्याला त्याच्याकडे पाठवायचं आहे. अशा वेळी बरेच जण म्हणतात, "तो बघ, निळ्या शर्टातला. नाही, तो नाही, त्याच्या पलीकडचा, जरा उंचसा..." समोरच्याला काही उलगडत नाही. ज्याच्याविषयी हे चाललंय त्याला मात्र ते लांबूनही कळतं, आणि आपल्या असण्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे असं या लोकांना वाटतं, हेही कळतं. दुसऱ्या टोकाला असे लोक असतात की ज्यांच्या प्रत्येक हकिगतीत "एक काळा माणूस", "एक चिनी बाई" येते आणि त्या शब्दाचा हकिगतीशी काडीचाही संबंध नसतो.

वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र राहतात, शिकतात, काम करतात अशा ठिकाणी नव्याने गेलेला माणूस या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. वंशाचा उल्लेख मुळात वाईट नाही. तो शब्द त्या वाक्यात कोणतं काम करतो, एवढंच पाहायचं असतं. ते कसं पाहायचं, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

पहिली पायरी: आपण नेमकं काय म्हणतोय ते वेगळं करा

वंश, कातडीचा रंग, राष्ट्रीयत्व, धर्म, भाषा आणि पूर्वजांचं मूळ या सहा वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वाधिक चुका यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. कृष्णवर्णीय माणूस ब्रिटिश असू शकतो, ब्राझिलियन असू शकतो. त्याला "आफ्रिकन" म्हणणं ही माहितीची चूक आहे. "आफ्रिकन-अमेरिकन" हा शब्द अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे, लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाला तो लागू होत नाही. मुसलमान हा वंश नाही. अरब माणूस ख्रिस्ती असू शकतो आणि जगातले बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत. ज्यूंच्या बाबतीत धर्म आणि वंश-परंपरा एकमेकांत गुंतलेल्या आहेत, म्हणून तिथे तो माणूस स्वतः काय म्हणतो ते ऐकावं.

वंश ही जीवशास्त्राने आखून दिलेली रेषा नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. दोन "वंशां"मधले फरक त्या मानाने फारच थोडे. म्हणजे वंशाची खोकी समाजाने केली आहेत, आणि ती सोयीप्रमाणे बदलत आली आहेत. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण भारतीयांचंच आहे. अमेरिकेच्या १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत "हिंदू" नावाचा वंश होता आणि त्यात शीख आणि मुसलमानही मोजले जात. १९२३ साली नागरिकत्व मागणारे शीख भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस "श्वेतवर्णीय" ठरत नाही असा निकाल दिला, त्यामुळे त्याला नागरिकत्व मिळू शकत नव्हतं. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना श्वेतवर्णीयांत झाली, आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी "एशियन इंडियन" हा वेगळा रकाना आला. माणसं तीच, खोकी मात्र साठ वर्षांत तीन.

यावरून "वंश खोटाच आहे, तर त्यावर बोलूच नका" असा निष्कर्ष मात्र काढू नका. खोकं माणसांनी केलेलं असलं तरी त्यामुळे नाकारलेलं घर, नाकारलेली नोकरी आणि पोलिसांनी रस्त्यात अडवणं हे सगळं खरं असतं.

दुसरी पायरी: शब्द काढून बघा, मग उलटून बघा

बोलण्याआधी मनात दोन चाचण्या करायच्या. सरावाने त्यांना दोन सेकंदही लागत नाहीत.

पहिली चाचणी म्हणजे शब्द गाळून बघणं. "बँकेत एका काळ्या माणसाने रांग मोडली." यातला रंग काढा: "बँकेत एका माणसाने रांग मोडली." तक्रार जशीच्या तशी राहिली. मग तो शब्द तिथे काय करत होता? रांग मोडण्याचा दोष तो एका माणसावरून उचलून एका समूहावर ठेवत होता. बोलणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, पण ऐकणाऱ्यापर्यंत तेच पोहोचतं. आता दुसरं वाक्य घ्या: "आम्ही चौघं दुकानातून बाहेर पडलो, झडती फक्त आमच्या कृष्णवर्णीय मित्राच्या पिशवीची झाली." इथे शब्द काढला तर वाक्याचा जीवच जातो. म्हणून इथे तो ठेवायचा, आणि आवाज न उतरवता स्पष्ट म्हणायचा.

दुसरी चाचणी उलटून बघण्याची. त्या माणसाच्या जागी तुमच्याच वंशाचा किंवा तिथल्या बहुसंख्य वंशाचा माणूस ठेवा. "आमचे श्वेतवर्णीय डॉक्टर फार हुशार आहेत" असं तुम्ही म्हणाल का? नाही ना? मग "आमचे कृष्णवर्णीय डॉक्टर फार हुशार आहेत" या वाक्यातही काहीतरी खटकणारं आहे. त्यात एक दडलेला "तरीही" आहे, आणि तो ऐकणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतो.

दोन्ही चाचण्यांत शब्द टिकला तर निर्धास्तपणे वापरा.

जिथे उल्लेख योग्य असतो

गर्दीत माणूस दाखवणं हा सगळ्यात रोजचा प्रसंग. क्रम असा ठेवा: आधी जागा ("दाराजवळ उभे आहेत"), मग कपडे, मग उंची, केस, चष्मा. एवढ्याने काम झालं तर उत्तम. पण खोलीत त्या वंशाची एकच व्यक्ती असेल आणि बाकी खुणा अनेकांना लागू पडत असतील, तर "दाराजवळची कृष्णवर्णीय बाई, हिरवा कोट घातलेली" असं नेहमीच्या आवाजात म्हणावं. वंशासोबत निदान एक दुसरी खूण जोडली की तो माणूस नुसत्या रंगापुरता उरत नाही. आवाज बारीक करू नका. कुजबुजल्यामुळे साधं वर्णन गुपितासारखं वाटायला लागतं. अमेरिकेत याच टाळाटाळीवर प्रयोग झाले आहेत. चित्रांमधला एक चेहरा प्रश्न विचारून ओळखायचा असा तो खेळ होता. ज्यांनी वंश विचारणं टाळलं त्यांना चेहरा ओळखायला जास्त प्रश्न लागले, आणि समोरच्या कृष्णवर्णीय जोडीदाराशी त्यांचं वागणंही कमी मोकळं दिसलं.

हरवलेल्या किंवा पोलिसांना हव्या असलेल्या माणसाचं वर्णन ही यातलीच पुढची गोष्ट. वय, उंची, बांधा, कपडे, केस, चालण्याची लकब, कोणत्या दिशेने गेला हे सगळं दिलं, तर वंश हा त्या यादीतला एक तपशील म्हणून योग्य ठरतो. नुसतं "एक कृष्णवर्णीय तरुण" हे वर्णन निरुपयोगी आहे, कारण ते हजारोंना लागू होतं आणि त्या हजारोंना संशयित करतं. जबाबदार वृत्तसंस्थांचा नियमही हाच आहे: वर्णन तपशीलवार असेल तरच वंश द्यायचा.

आरोग्याच्या बाबतीत मात्र जरा थांबून विचार करावा लागतो, कारण इथे उल्लेख टाळणं आणि चुकीचा उल्लेख करणं, दोन्ही जिवावर बेतू शकतात. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र प्रकाशावर चालतं, आणि गडद कातडीवर ते कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोकादायक पातळीपर्यंत घटलेला ऑक्सिजन यंत्राकडून निसटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळपास तिप्पट आढळलं. तेव्हा रुग्णाच्या कातडीचा रंग डॉक्टरने बोलून दाखवणं गरजेचंच आहे. पुरळ किंवा कावीळ तपासतानाही तेच, कारण पाठ्यपुस्तकातला "लालसर चट्टा" गडद कातडीवर लाल दिसत नाही. उलट उदाहरण मूत्रपिंडांचं. त्यांचं काम मोजायच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्याने त्यांची मूत्रपिंडं आहेत त्यापेक्षा बरी दिसत आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होई. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञसमितीने तो गुणक काढून टाकायला सांगितलं. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वंश विचारण्यापेक्षा पूर्वज कुठले हे विचारणं अधिक अचूक ठरतं. हा आजार मलेरियाच्या प्रदेशांशी जोडलेला आहे आणि आफ्रिकेप्रमाणेच भूमध्य समुद्राचा परिसर, अरबस्तान आणि भारतातही आढळतो. म्हणून दवाखान्यात असा प्रश्न आला तर रागावू नका. "याचा उपचारावर काय परिणाम होतो?" असं विचारायचा हक्क मात्र तुम्हाला आहे.

इतिहास आणि राजकारणात संदर्भ पाहायचा. बराक ओबामा २००८ मध्ये निवडून आले ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी अध्यक्ष म्हणून, आणि त्या निवडणुकीबद्दल बोलताना हे वगळलं तर बातमीच अर्धी राहते. त्यांच्या करधोरणावर बोलताना तोच शब्द आणला तर तो आगंतुक ठरतो.

आणि कुणी आपल्यावर झालेला भेदभाव सांगत असेल तेव्हा वंशाचं नाव घ्यायला कचरू नका. "मला तर माणसंच दिसतात, रंग दिसतच नाही" हे वाक्य बोलणाऱ्याला उदार वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र "तू सोसलंस ते मला बघायचं नाही" असं ऐकू येतं. त्याऐवजी "मग पुढे काय झालं?" एवढं विचारा आणि गप्प राहून ऐका.

जिथे उल्लेख दुखावतो

उघड शिवी कुणालाही ओळखता येते. नवखा माणूस अडखळतो तो चांगल्या हेतूने बोललेल्या वाक्यांत.

कौतुक हा त्यातला मोठा सापळा आहे. "तुम्ही किती शुद्ध बोलता!" हे त्याच देशात जन्मलेल्या माणसाला म्हटलं की "तुम्ही इथले वाटत नाही" असा त्याचा अर्थ होतो. "तुम्ही लोक गणितात हुशारच असता" हे वाक्य गोड वाटलं तरी त्या माणसाची मेहनत त्याच्याकडून काढून त्याच्या वंशाच्या खात्यावर टाकतं. शिवाय ज्याला गणित जमत नाही त्याला दुप्पट लाज वाटायला लावतं.

"तुम्ही कुठले?" हा प्रश्न एकदा विचारायला हरकत नाही. उत्तर मिळालं की तिथेच थांबा. "नाही, मूळचे कुठले? आईवडील कुठले?" असं खोदत गेलात की पहिलं उत्तर तुम्ही नामंजूर केलं असं होतं. खरंच कुतूहल असेल तर आधी स्वतःबद्दल सांगा, मग विषय मोकळा सोडा. समोरच्याला सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल. पहिल्या भेटीत तर नकोच.

चेहरा पाहून देश ओळखायचा खेळ कधीही खेळू नका. कोरियन माणसाला "चिनी का?" विचारणं आणि मग "दिसता तसेच" म्हणणं, यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वाईट. केसांना हात लावणं, लावू का विचारणं, कातडीच्या रंगाशी आपला हात जुळवून पाहणं हेही टाळायचं. एका माणसाला त्याच्या सगळ्या समूहाचा प्रवक्ता करू नका. "याबद्दल तुमच्या लोकांचं काय मत आहे?" याऐवजी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की पुरतं. दुसऱ्याच्या उच्चारांची नक्कल करून हसवणंही सोडून द्या, तो मित्र असला तरी. तो हसतो कारण न हसल्यास सगळे त्याच्याकडे बघतील.

एकाच वंशाच्या दोन सहकाऱ्यांची नावं उलटसुलट होणं ही चूक जवळपास प्रत्येक नवख्याच्या हातून होते. ज्या चेहऱ्यांत आपण वाढलो त्यांतले बारकावे मेंदू चटकन टिपतो, इतरांचे नाही. हे संशोधनातून अनेकदा दिसलं आहे. पण हे कारण समोरच्याला सांगत बसू नका, उपाय करा. पहिल्या भेटीत केस आणि रंग सोडून एक खूण पक्की करा: भुवया, हनुवटी, आवाज, चाल. नाव लगेच दोनदा उच्चारा. चुकलंच तर "माफ करा," म्हणून योग्य नाव घ्या आणि पुढे चला.

तिसरी पायरी: शब्द निवडा, तोही त्या देशाचा

मराठीत बोलताना "कृष्णवर्णीय" आणि "श्वेतवर्णीय" किंवा "गौरवर्णीय" हे शब्द सुरक्षित आहेत. जरा पुस्तकी वाटतात, पण चालतात. "निग्रो" हा शब्द जुन्या मराठी लिखाणात सर्रास येतो. आज तो वापरू नका. अमेरिकेच्या जनगणनेच्या अर्जावर तो २०१० पर्यंत होता, २०१३ मध्ये जनगणना विभागाने तो काढल्याचं जाहीर केलं. "हबशी" हा शब्द इतिहासात अॅबिसिनियातून (आजच्या इथिओपियातून) आलेल्या लोकांसाठी आहे, तो तिथेच राहू द्या. "काळ्या", "गोऱ्या", "चिन्या" या रूपांत हेटाळणी भरलेली आहे, "काळा" या साध्या विशेषणापेक्षा कितीतरी जास्त. नाकाडोळ्यांच्या आकारावरून समूहाला नाव देणं तर पूर्ण बंद. देश माहीत नसेल तर "पूर्व आशियाई" म्हणा. आणि मराठीत बोललं तर कुणाला कळतंय, या भरवशावर राहू नका. "निग्रो" जगभर कळतो, रोखलेली नजर आणि बोट तर कोणत्याही भाषेत कळतात.

इंग्रजी शब्दांची गंमत अशी की एकाच शब्दाला दोन देशांत दोन अर्थ आहेत. "कलर्ड" अमेरिकेत अपमानकारक आहे, दक्षिण आफ्रिकेत मात्र ते एका मोठ्या समाजाचं स्वतः वापरलेलं आणि सरकारी नोंदीतलं नाव आहे. "पीपल ऑफ कलर" हा शब्द अमेरिकेत चालतो. "एशियन" म्हटलं की ब्रिटनमध्ये सहसा भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे लोक डोळ्यांपुढे येतात, अमेरिकेत चीन, जपान, कोरियाचे. "ओरिएंटल" हा शब्द माणसांसाठी नको. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून संघराज्याच्या कायद्यांतून तो हटवला. "एस्किमो" ऐवजी कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये "इनुइट" म्हणा. "जिप्सी" ऐवजी बहुतेक ठिकाणी "रोमा", मात्र ब्रिटनमध्ये काही समाज स्वतःला जिप्सीच म्हणवतात. त्यांचा शब्द पाळावा. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या "अॅबोरिजिनल" या इंग्रजी नावाचं लघुरूप ही तिथे शिवी आहे, पूर्ण नावच घ्या.

वंशाचा शब्द नाम म्हणून वापरू नका, विशेषण म्हणून वापरा: "एक ब्लॅक" नको, "एक ब्लॅक व्यक्ती" म्हणा. छोटा फरक आहे, पण पहिल्या रूपात रंग हाच सगळा माणूस होतो.

कृष्णवर्णीयांसाठीची जी इंग्रजी शिवी "एन-वर्ड" म्हणून ओळखली जाते, ती त्या समाजातले काही लोक आपसात वापरतात. तो त्यांचा अधिकार. बाहेरच्याने ती गाण्याच्या ओळीतही म्हणायची नाही आणि "अमुक जण असं म्हणाला" असं सांगतानाही नाही. "एन-वर्ड वापरला" एवढं पुरतं.

माणूस स्वतःला एका नावाने ओळखत असेल आणि तुमच्या यादीत दुसरं असेल, तर त्याचं ग्राह्य. ओबामांच्या आई श्वेतवर्णीय होत्या, तरी २०१० च्या जनगणनेत ओबामांनी स्वतःसाठी फक्त कृष्णवर्णीय ही खूण केली. मिश्र कुटुंबातल्या माणसाला "मग तुम्ही अर्धे काय?" असं विचारणं म्हणजे त्याने दिलेलं उत्तर खोडणं.

कामाच्या जागी

इथे सौजन्याच्या जोडीला कायदाही येतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभावाला बंदी आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंश या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ हे सगळं येतं, आणि छळ ठरवताना हेतू किंवा परिणाम यांपैकी एक पुरतो. "मी गमतीत म्हणालो" हा बचाव म्हणूनच तोकडा पडतो. मुलाखत घेताना वंश, मूळ गाव, आडनावाचा उगम हे विषय काढू नका. समानतेच्या नोंदीसाठी येणारा अर्ज वेगळा असतो, तो उमेदवार स्वतः भरतो, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी तो पाहायचा नसतो.

लहान मूल मोठ्याने बोललं तर

बसमध्ये मूल विचारतं, "आई, त्या काकांचा रंग एवढा काळा का?" पहिली उबळ येते त्याचं तोंड दाबायची. तसं करू नका. अवघ्या तीन महिन्यांच्या बाळांनाही वेगळ्या वंशाचे चेहरे जाणवतात असं अभ्यासात दिसलं आहे, त्यामुळे मुलाने ते टिपणं स्वाभाविक आहे. गप्प केलं की त्या रंगात काहीतरी वाईट आहे हे ते शिकतं. शांतपणे, काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: "सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. कुणात जास्त, कुणात कमी. त्यांच्यात जास्त आहे, आपल्यात त्यांच्याहून कमी." काका बघत असतील तर मान हलवून हसा. लांबलचक माफी मागितलीत तर त्यांनाच तुमची समजूत घालत बसावं लागतं.

चूक झालीच तर

होणारच. तेव्हा पहिल्या दहा सेकंदांत काय करता याला महत्त्व आहे. बोलणं थांबवा. "मी चुकीचं बोललो, माफ करा" म्हणा. योग्य शब्द माहीत असेल तर वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणा. मग मूळ विषयाकडे वळा. "माझा हेतू तसा नव्हता" ने सुरुवात करू नका, कारण मग चर्चा तुमच्या मनाची होते, लागलेल्या शब्दाची नाही. "माझे कितीतरी कृष्णवर्णीय मित्र आहेत" हेही नको. "काय चुकलं ते समजावून सांगा ना" असं त्याच क्षणी म्हणू नका, समोरच्यावर शिकवणीचं ओझं पडतं. ते नंतर स्वतः शोधा, किंवा त्यानेच विषय काढला तर ऐका. तो लगेच मोकळा झाला नाही तर त्याला वेळ द्या. आणि आठवड्याभराने पुन्हा माफी मागायला जाऊ नका, तो प्रसंग त्याने मागे टाकलेला असतो.

दुसरा कुणी तुमच्यासमोर असं बोलला, तर सगळ्यात उपयोगी पडणारं वाक्य साधं आहे: "म्हणजे? मला नीट कळलं नाही." विनोद समजावून सांगायला लागला की त्यातली खोच उघडी पडते, आणि बहुतेक जण तिथेच माघार घेतात. नाहीच घेतली तर "मला हे बोलणं पटत नाही" एवढं म्हणा. ज्याच्याबद्दल ते बोललं गेलं तो तिथे असेल, तर त्याच्या वतीने भांडायला उभं राहण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहा. त्याला स्वतः उत्तर द्यायचं असेल किंवा विषय संपवायचा असेल. नंतर एकटा भेटल्यावर "मघाशी जे झालं ते मी ऐकलं. माझ्याकडून काही हवं असेल तर सांगा" एवढं सांगा, आणि तो "काही नको" म्हणाला तर ते मान्य करा.